बेल्ट टेन्शनरला बाहेरची जोड लावण्यापूर्वी

पुण्याहून साताऱ्याकडे येताना खंबाटकीच्या चढाला एसी लावताच इंजिनवरचा, एसी व अल्टरनेटर फिरवणारा बेल्ट किंचाळू लागला, की टेन्शनरवर (बेल्ट ताणून धरणाऱ्या भागावर) जादा स्प्रिंग किंवा रोलर बसवण्याचा सल्ला हमखास मिळतो. माझ्या मते तो खर्च बहुधा वाया जातो. आधी निदान करावे. इंजिन आयडलवर ठेवून, हात व सैल कपडे दूर राखून, बेल्टच्या खाचांच्या बाजूवर थोडे पाणी फवारावे: आवाज क्षणभर थांबल्यास पुल्या एका रेषेत नसाव्यात, वाढल्यास ताण कमी पडत असावा. ताण कमी असला तरीही मूळ मापाचाच नवा टेन्शनर घालावा, कारण जादा ताणाने अल्टरनेटर व वॉटर पंपाची बेअरिंग लवकर जातात. व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनच्या हालचालीशी जुळवणाऱ्या टायमिंग बेल्टला तर अशी जोड मुळीच लावू नये. तो तुटल्यास अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात.