जावा ऑब्जेक्टचं एक्सएमएल करताना या चुका टाळा

जॅक्सबी (JAXB) म्हणजे जावा ऑब्जेक्टचं एक्सएमएल आणि एक्सएमएलचं पुन्हा ऑब्जेक्ट करणारी लायब्ररी. तिने एक्सेप्शन फेकलं, म्हणजे चूक दाखवून काम थांबवलं, तर ते तुमच्या भल्याचंच समजा. चूक कुठे झाली ते सांगणारा स्टॅक ट्रेस वाचायचा, दुरुस्ती करायची, विषय संपला. खरा ताप देतात त्या गुपचूप होणाऱ्या चुका: टॅग रिकामा जातो, वाचलेलं फील्ड नल, म्हणजे रिकामं, राहतं, आणि समोरच्या सिस्टीमकडून तक्रार येईपर्यंत कुणाला पत्ता नसतो.

फील्ड की गेटर, हे न ठरवणं

काहीच सांगितलं नाही तर जॅक्सबी पब्लिक फील्ड आणि पब्लिक गेटर-सेटरच्या (फील्डची किंमत वाचणाऱ्या-बदलणाऱ्या मेथड्सच्या) जोड्या उचलतं. आता प्रायव्हेट फील्डवर ‘एक्सएमएल-एलिमेंट’ हे अ‍ॅनोटेशन (जॅक्सबीसाठी कोडवर लावलेली खूण) लावलं की ते फील्डही मोजलं जातं आणि त्याचा गेटरही. मग एकाच नावाच्या दोन प्रॉपर्टी आहेत अशी तक्रार येते. काही जण वैतागून गेटरच उडवतात. त्याची गरज नाही. क्लासवर ‘एक्सएमएल-अ‍ॅक्सेसर-टाइप’ लावा, किंमत ‘फील्ड’ द्या, आणि यापुढे सगळी अ‍ॅनोटेशन्स फील्डवरच ठेवा.

याच गोष्टीचा गुपचूप अवतार जास्त वाईट. पासवर्डच्या प्रायव्हेट फील्डवर ‘एक्सएमएल-ट्रान्झिएंट’ (हे वगळा, असं सांगणारं अ‍ॅनोटेशन) लावून निर्धास्त झालात, पण क्लास डीफॉल्ट मोडमध्येच आहे. फील्ड वगळलं जातं, गेटर मात्र तसाच उघडा राहतो आणि पासवर्ड आउटपुटमध्ये जातो.

तारखेचा टॅग रिकामा

‘लोकल-डेट’ हा जावाचा तारखेचा टाइप कसा लिहायचा हे जॅक्सबीला मुळात माहीत नाही. आवृत्तीनुसार एकतर नो-आर्ग (एकही आर्ग्युमेंट न घेणारा) कन्स्ट्रक्टर नाही म्हणून ते अडतं, नाहीतर नुसता रिकामा टॅग लिहून पुढे जातं. उपाय म्हणजे एका टाइपचं दुसऱ्यात रूपांतर करणाऱ्या ‘एक्सएमएल-अ‍ॅडॅप्टर’चा सबक्लास लिहून फील्डवर ‘एक्सएमएल-जावा-टाइप-अ‍ॅडॅप्टर’ने जोडणं. तो लिहिताना तीन गोष्टी सांभाळा.

जेनेरिकमध्ये पहिला टाइप जॅक्सबीला कळणारा, म्हणजे इथे स्ट्रिंग. दुसरा तुमच्या क्लासमधला, म्हणजे लोकल-डेट. हा क्रम उलटला आणि अ‍ॅडॅप्टरच्या दोन मेथड्सही (एक एक्सएमएल लिहितानाची, एक वाचतानाची) त्याच क्रमाने लिहिल्या, तर कंपायलर हूं की चूं करत नाही.

दोन्ही मेथड्सना नल मिळू शकतं. पहिल्याच ओळीत ते तपासा.

फॉरमॅटर स्टॅटिक ठेवणार असाल तर ‘डेट-टाइम-फॉरमॅटर’ घ्या. जुनं ‘सिंपल-डेट-फॉरमॅट’ थ्रेड-सेफ नाही. लोड वाढला की भलत्याच तारखा दिसू लागतात आणि त्या पुन्हा घडवून दाखवणं महाकठीण.

अ‍ॅडॅप्टरमधलं एक्सेप्शन जातं कुठे?

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो. एक्सएमएल वाचताना अ‍ॅडॅप्टरने एक्सेप्शन फेकलं, तर ते तुमच्या कॅच ब्लॉकपर्यंत पोचेलच असं नाही. जॅक्सबी ते ‘व्हॅलिडेशन-इव्हेंट-हँडलर’कडे देतं, आणि जॅक्सबी २ पासून अनमार्शलरचा (एक्सएमएल वाचून ऑब्जेक्ट बनवणाऱ्या भागाचा) डीफॉल्ट हँडलर अशी चूक पोटात घालून पुढे सरकतो. फील्ड नल राहतं आणि लॉगमध्ये अवाक्षर नसतं. अनमार्शलरला स्वतःचा हँडलर द्या; त्याने इव्हेंट लॉग करून ‘फॉल्स’ परत केलं की वाचन तिथेच थांबतं आणि चूक उघडी पडते. अ‍ॅडॅप्टर चालतच नाहीये असं वाटलं की पहिल्यांदा हेच करून बघा.

अ‍ॅनोटेशन आहे, पण परिणाम शून्य

इम्पोर्टच्या ओळी तपासा. जावा ११ मध्ये जॅक्सबी जेडीकेतून (जावाच्या मूळ संचातून) काढून टाकलं, आणि जॅक्सबी ३ पासून पॅकेजचं नाव ‘जावाएक्स’ऐवजी ‘जकार्ता’ने सुरू होतं. क्लासवर जुनी अ‍ॅनोटेशन्स आणि रनटाइम नवा असेल, तर रनटाइमच्या लेखी ती अ‍ॅनोटेशन्स नाहीतच. डिपेंडन्सी ट्रीमध्ये (प्रोजेक्ट वापरत असलेल्या लायब्रऱ्यांच्या यादीत) जुनं आणि नवं दोन्ही सापडलं तर एक काढा.

‘पॅकेज-इन्फो’ फाइलमध्ये अ‍ॅडॅप्टर लावला असेल तर तो त्याच पॅकेजपुरता चालतो, सबपॅकेजमध्ये उतरत नाही. आणि हो-नाही साठी ‘वाय’ आणि ‘एन’ लिहिणारा अ‍ॅडॅप्टर प्रिमिटिव्ह बूलियनवर बसत नाही. फील्डचा टाइप मोठ्या ‘बी’चा बूलियन (Boolean) करा.

एक्सस्ट्रीम वापरत असाल तर

एक्सस्ट्रीम (XStream) ही हेच काम करणारी दुसरी लायब्ररी. तिच्यात फील्डच्या नावातला एक अंडरस्कोर आउटपुटमध्ये दोन होतो. हा बग नव्हे, जाणूनबुजून केलेलं एस्केपिंग आहे. नको असेल तर ड्रायव्हरला ‘नो-नेम-कोडर’ द्या. कन्व्हर्टर (एक्सस्ट्रीममधला रूपांतर करणारा क्लास) लिहिताना, तो कोणत्या क्लाससाठी चालेल हे सांगणाऱ्या ‘कॅन-कन्व्हर्ट’मधून सरसकट ‘ट्रू’ परत करू नका, नाहीतर तो दुसऱ्यांचे क्लासही गिळतो. एखाद्याच फील्डसाठी हवा असेल तर ‘रजिस्टर-लोकल-कन्व्हर्टर’ आहेच. किंमत टॅगऐवजी अ‍ॅट्रिब्यूटमध्ये हवी असेल तर ‘सिंगल-व्हॅल्यू-कन्व्हर्टर’च लागतो, साधा कन्व्हर्टर तिथे चालत नाही.