जुनी बिलं दुसऱ्या डेटाबेसात हलवताना

सोलापुरात डेटाबेसच्या कामाला नव्याने लागलात, तर हे काम कधी ना कधी अंगावर येणारच: अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या टॉवेल-चादर कारखान्याचं बिलिंग मंदावलंय, जुना डेटा बाजूला काढा.

क्वेरी लिहिण्याआधी कारखान्याच्या सीएंना गाठा. जीएसटीच्या नोंदी त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने, आणि कंपनी असेल तर हिशेबाची पुस्तकं 8 आर्थिक वर्षं जपावी लागतात. तेव्हा अर्काइव्हचाही, म्हणजे जुनी बिलं हलवलेल्या दुसऱ्या डेटाबेसाचाही, रोजचा बॅकअप हवाच. उधारी बाकी असलेलं बिल कितीही जुनं असो, जागचं हलवू नका.

कुठवरची बिलं हलवायची ती हद्द 1 एप्रिलसारखी ठाम तारीख घालून ठरवा. ‘आजपासून पाच वर्षं मागे’ अशी अट घातली की रात्री बारानंतर ती एक दिवस पुढे सरकते, आणि कॉपी न झालेली बिलंही डिलीटमध्ये सापडतात. हलवायच्या बिलांचे आयडी आधी एका वेगळ्या टेबलात काढून घ्या; पुढचं सगळं त्या यादीवरूनच.

कॉपी करताना आधी पार्टी आणि मालाचे मास्टर (म्हणजे त्यांच्या मूळ याद्या), मग बिल, मग बिलातल्या ओळी. मूळ आयडी तेच ठेवा. मास्टर फक्त कॉपी होतात, डिलीट नाही. मग महिनावार बिलांची संख्या आणि रकमेची बेरीज दोन्हीकडे जुळवा. नुसती संख्या जुळली म्हणून विश्वास ठेवू नका.

खरी कसोटी डिलीटची. इथे क्रम उलटा: आधी ओळी, मग बिल. एका वेळी 1,000 ते 2,000 ओळी, प्रत्येक बॅचनंतर कमिट (बदल पक्का करणं), मध्ये थोडी उसंत. एसक्यूएल सर्व्हरमध्ये एकाच स्टेटमेंटने एका टेबलावर साधारण 5,000 लॉक (दुसऱ्याने त्या नोंदीला हात लावू नये म्हणून घातलेली कुलपं) घेतले की तो अख्खं टेबल लॉक करायला बघतो. मग डिस्पॅचवाल्याचं चलन अडकतं आणि फोन तुम्हालाच येतो. ओळींच्या टेबलातल्या बिल-आयडीवर इंडेक्स (नोंद पटकन शोधून देणारी सूची) आहे ना, हेही पाहा. मायएसक्यूएलचं इनोडीबी हे स्टोरेज इंजिन फॉरेन कीसाठी, म्हणजे ओळीला तिच्या बिलाशी बांधणाऱ्या आयडीसाठी, तो आपोआप करतं, एसक्यूएल सर्व्हर आणि पोस्टग्रेस करत नाहीत; आणि इंडेक्स नसेल तर बिल डिलीट करताना ओळींचं सगळं टेबल पुन्हा पुन्हा चाळलं जातं. 11 आणि 20 तारखेच्या आसपास, म्हणजे रिटर्नच्या धांदलीत, यातलं काहीच नको.

एवढं करूनही डिस्क रिकामी दिसणार नाही. मोकळी जागा सहसा फाइलच्या आतच राहते आणि नव्या नोंदींना वापरली जाते. पोस्टग्रेसमध्ये ‘व्हॅक्यूम फुल’ ही कमांड ती डिस्कला परत देते, पण तोवर टेबल पूर्ण बंद, शिवाय नव्या प्रतीसाठी डिस्कवर जागा लागते. ते रविवारी, कारखाना बंद असताना.