विद्यार्थी असल्याचा पुरावा कसा द्यावा : मोफत तांत्रिक साधने मिळवण्याची रीत

विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना कोणती तांत्रिक साधने विनामूल्य मिळतात, याच्या याद्या पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतात. त्या याद्यांत पन्नास नावे असतात. परंतु अर्ज भरल्यानंतर ‘तुमची पडताळणी होऊ शकली नाही’ असा निरोप आला तर पुढे काय करायचे, याबद्दल एक ओळही नसते. मी गोव्यातील बार्देश तालुक्यातल्या एका महाविद्यालयात गेली अनेक वर्षे संगणकशास्त्र शिकवते आणि दर वर्षी नव्या मुलांचे हे अर्ज त्यांच्या शेजारी बसून भरून घेते. साधने शोधणे मुळीच कठीण नाही. आपण खरोखर विद्यार्थी आहोत हे परक्या देशातल्या एखाद्या यंत्रणेला कागदावरून पटवून देणे, एवढाच काय तो कठीण भाग आहे.

पुराव्याविना मिळणारी साधने आजच घ्या

ज्यांना कोणताही पुरावा लागत नाही, अशी साधने आधी घ्यावीत. लेखन आणि तक्त्यांसाठी लिबरऑफिस, संदर्भ सांभाळण्यासाठी झोटेरो, संख्याशास्त्रासाठी आर, मॅटलॅब या गणिती आकडेमोडीच्या सशुल्क प्रणालीला पर्याय म्हणून जीएनयू ऑक्टेव्ह, आणि ब्राउझरमध्येच पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा चालवण्यासाठी गुगल कोलॅब, ही सगळी विनामूल्य आहेत. खुद्द मॅटलॅबच हवे असेल तर त्याची ऑनलाइन आवृत्ती महिन्याला 20 तास मोफत वापरता येते आणि पदवीच्या प्रात्यक्षिकांना तेवढे तास पुरतात. ही साधने शिकण्यासाठी शिकवणी लावण्याची गरज नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात त्यांतील अनेकांचे पाठ मराठी निवेदनासह उपलब्ध आहेत, आणि इंग्रजीतून ऐकताना अडखळणाऱ्या पहिल्या वर्षाच्या मुलांना मी तेच पाठ आधी ऐकायला लावते.

मराठीतून प्रबंध लिहिणाऱ्यांसाठी येथे एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. लाटेक पद्धतीने प्रबंध मांडण्याच्या ओव्हरलीफ या संकेतस्थळावर देवनागरी मजकूर टाकला की तो उमटत नाही, अशी तक्रार घेऊन विद्यार्थी येतात. त्यावरचा उपाय असा की प्रकल्पाच्या सेटिंग्जमध्ये जाऊन कंपायलर, म्हणजे मजकुराची पाने तयार करणारा प्रोग्राम, म्हणून झीलाटेक निवडावा आणि नोटो सेरिफ देवनागरीसारखा युनिकोड फॉन्ट नेमून द्यावा. मात्र टंकलेखकाने मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप करून दिला असेल तर आधी तो युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा लागतो, आणि त्यानंतर जोडाक्षरे व रफार एकेक ओळ वाचून तपासावे लागतात. हे रूपांतर शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

वाचनसाहित्याची चौकशी ग्रंथपालांकडे करावी. केंद्र सरकारची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना 1 जानेवारी 2025 पासून सुरू झाली असून तिच्यातून 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिके केंद्र आणि राज्य सरकारांच्या उच्च शिक्षण संस्थांना खुली झाली आहेत. त्यामुळे ताळगाव पठारावरील गोवा विद्यापीठाच्या किंवा एखाद्या सरकारी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याने शोधनिबंधासाठी पदरचे पैसे मोजण्याआधी ही वाट तपासलीच पाहिजे. अनुदानित खाजगी महाविद्यालयात असाल तर महाविद्यालयांना ऑनलाइन नियतकालिके पुरवणाऱ्या, इन्फ्लिबनेटच्या एन-लिस्ट योजनेचे खाते आपल्याला मिळू शकते का, ते विचारा. प्रबंधांसाठी शोधगंगा हे भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांचे ऑनलाइन भांडार सर्वांना खुले आहे. केंद्र सरकारच्या ‘स्वयं’ या ऑनलाइन शिक्षणमंचावरील अभ्यासक्रमही विनामूल्य आहेत. शुल्क लागते ते केवळ प्रमाणपत्राच्या परीक्षेला. त्यांचे श्रेयांक आपल्या विभागात धरले जातात की नाही, हे मात्र नाव नोंदवण्यापूर्वी विभागप्रमुखांकडून लेखी घ्यावे.

खरा अडथळा : पडताळणी

यापुढची साधने विद्यार्थी असल्याचे सिद्ध केल्यावरच मिळतात, आणि त्यांत मी सर्वप्रथम गिटहब या प्रोग्रामचा कोड साठवण्याच्या संकेतस्थळाचा स्टुडंट डेव्हलपर पॅक घ्यायला सांगते. तो 2014 पासून चालू आहे. त्यात गिटहबचे प्रो खाते आणि अनेक भागीदार कंपन्यांची साधने एकत्र मिळतात, आणि पुढे काही ठिकाणी त्याच पडताळणीच्या आधारावर काम होऊन जाते. त्यामुळे जो काही त्रास घ्यायचा तो या एका अर्जासाठी नीट घ्यावा.

महाविद्यालयाने विद्यार्थ्याला स्वतःच्या नावाचा ईमेल पत्ता दिला असेल तर वाट बरीच सोपी होते. आपल्याकडे अडचण अशी की कित्येक महाविद्यालये असा पत्ता केवळ शिक्षकांना देतात आणि विद्यार्थी वैयक्तिक पत्त्यावरच राहतात. अशा वेळी सगळी भिस्त कागदावर येते.

पहिल्या वर्षी मी विद्यार्थ्यांना शुल्काची पावती जोडायला सांगितले आणि वर्गातले पाच अर्ज एका पाठोपाठ एक परत आले. दोष कंपनीच्या यंत्रणेचा आहे असे समजून मी त्यांना तेच अर्ज पुन्हा भरायला लावले, आणि ते पुन्हा परत आले. मला उमजायला दोन वर्षे लागली. नाकारलेले आणि स्वीकारलेले अर्ज समोरासमोर ठेवून पाहिले तेव्हा कारण दिसले. स्वीकारलेल्या प्रत्येक अर्जात विद्यार्थ्याचे नाव, संस्थेचे पूर्ण नाव आणि चालू वर्षाची तारीख या तिन्ही गोष्टी एकाच कागदावर, छापील अक्षरांत होत्या आणि त्या अर्जातील माहितीशी अक्षरशः जुळत होत्या. पावतीवर आडनाव आधी होते, महाविद्यालयाचे नाव आद्याक्षरांत होते आणि वर्ष रबरी शिक्क्यात पुसट झाले होते.

जुळणीची ही अट गोव्यात इतरत्रपेक्षा जास्त छळते, कारण आपल्या नावांची आणि गावांची इंग्रजी वर्णरचना एकच नसते. गावकर हे आडनाव एका कागदावर ‘के’ने आणि दुसऱ्यावर पोर्तुगीज वळणाने ‘सी’ने लिहिलेले असते, नाईक कधी ‘के’ने लिहिलेले असते, तर आजोबांच्या काळापासून चालत आलेल्या कागदांवर ‘क्यू’ने. संस्थेच्या नावाचेही तसेच आहे. साखळीच्या महाविद्यालयातील मुलगी संस्थांच्या यादीत ‘साखळी’ असे इंग्रजी अक्षरांत शोधत बसते आणि तिला काहीच सापडत नाही, कारण तेथे ते गाव ‘सांकेलिम’ आहे. त्याचप्रमाणे केपे ‘क्वेपेम’ आहे, डिचोली ‘बिचोलिम’ आणि पेडणे ‘पेर्नेम’. यादीत नाव सापडत नाही म्हणून पुष्कळ मुले स्वतःच्या मनाने संस्थेचे नाव टाइप करतात आणि अर्ज तेथेच कमकुवत होतो. महाविद्यालयाच्या लेटरहेडवर इंग्रजीत जे नाव छापलेले आहे, नेमके त्याच अक्षरांनी शोधा.

आता क्रम सांगते. सर्वांत आधी कार्यालयातून इंग्रजीतील बोनाफाईड दाखला घ्या. तो लेटरहेडवर असावा, संगणकावर टाइप केलेला असावा, त्यात चालू शैक्षणिक वर्ष चारही आकड्यांनिशी लिहिलेले असावे आणि दिल्याची तारीख हाताने न लिहिता छापलेली असावी. कार्यालयातील मंडळी जुन्या नमुन्यातील रिकाम्या जागा पेनने भरून देतात. त्यांना अदबीने, पण आग्रहाने, टाइप केलेला दाखला मागा. ओळखपत्र चांगले असेल तर तेही चालते. परंतु कित्येक ओळखपत्रांवर वैधतेचे वर्षच नसते, आणि तसे असेल तर त्याच्यावर विसंबू नका. आधार कार्ड कधीही अपलोड करू नका. त्यातून तुम्ही विद्यार्थी आहात हे सिद्ध होत नाही, आणि तुमची खाजगी माहिती मात्र विनाकारण बाहेर जाते.

दाखला हातात आला की गिटहबच्या खात्यात दोन ठिकाणी नाव बदला. एक प्रोफाइलमध्ये आणि दुसरे बिलिंग माहितीच्या पानावर. हे दुसरे ठिकाण जवळजवळ प्रत्येकाच्या नजरेतून सुटते. आपल्याला काही विकत घ्यायचे नाही, मग बिलिंगशी काय संबंध, असे मुलांना वाटते. पण पडताळणी करताना तेथील नाव पाहिले जाते. तेथे कार्डाचा क्रमांक देण्याची गरज नसते, नाव आणि पत्ता भरणे पुरेसे आहे. दाखल्यावर वडिलांचे नाव मध्ये असेल तर येथेही ते मध्ये लिहा. त्याच बैठकीत द्विस्तरीय सुरक्षा, म्हणजे पासवर्डखेरीज आणखी एक कोड मागणारी सोय, सुरू करा आणि तिचे रिकव्हरी कोड कागदावर उतरवून घ्या, कारण मोबाइल बिघडला की त्या कोडांशिवाय खाते परत मिळवणे फार अवघड जाते.

अर्ज महाविद्यालयाच्या आवारात बसून भरा. ब्राउझर तुमचे स्थान विचारतो, तेव्हा परवानगी द्या आणि व्हीपीएन (इंटरनेटवर आपले स्थान लपवणारी सेवा) बंद ठेवा. चवथीच्या सुटीत सवड मिळते म्हणून पुष्कळ मुले काणकोण किंवा सत्तरीतील घरी बसून अर्ज भरतात आणि स्थान जुळत नाही म्हणून अडकतात. सुटी संपेपर्यंत थांबा. त्यात काहीही बिघडत नाही.

दाखल्याचे छायाचित्र लॅपटॉपच्या कॅमेऱ्याने काढण्याचा हट्ट सोडून द्या, कारण त्यातील अक्षरे अस्पष्ट येतात. अर्जाचे पान मोबाइलच्या ब्राउझरमध्ये उघडा, कागद टेबलावर सपाट ठेवा आणि दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ, फ्लॅश बंद करून छायाचित्र काढा. लॅमिनेट केलेल्या ओळखपत्रावर ट्यूबलाइटचा पट्टा पडतो आणि नेमके नाव त्याखाली झाकले जाते. चारही कडा चौकटीत दिसल्या पाहिजेत, कारण लेटरहेडचा वरचा भाग कापला गेला तर संस्थेचे नावच नाहीसे होते. छायाचित्र मोठे करून स्वतः वाचून पाहा. तुम्हाला डोळे बारीक करावे लागत असतील तर यंत्राला ते मुळीच वाचता येणार नाही.

अर्ज नाकारला गेलाच तर त्याच संध्याकाळी तोच अर्ज पुन्हा पाठवू नका. नकारासोबत कारणे दिलेली असतात. ती शब्दशः वाचा, एक एक दुरुस्त करा आणि दुसऱ्या दिवशी आवारात येऊन नव्याने भरा. काही जण पैसे घेऊन ‘विद्यार्थी खाते’ विकतात, तर काही जण चित्रसंपादन करून ओळखपत्रावर तारीख घालून देतात. हे दोन्ही मार्ग मला अजिबात मान्य नाहीत. ती सरळसरळ लबाडी आहे. शिवाय तुमचे सगळे काम ज्या खात्यात आहे, तेच खाते त्यामुळे कायमचे बंद होऊ शकते.

त्यानंतर

गिटहबची पडताळणी झाली की प्रोग्रामिंगची साधने बनवणाऱ्या जेटब्रेन्सचा शैक्षणिक परवाना त्याच खात्याच्या आधारे घेता येतो. तो एक वर्षाचा असतो आणि दर वर्षी नूतनीकरण करावे लागते. फर्मागुढीसारख्या ठिकाणी अभियांत्रिकी शिकणाऱ्यांना ऑटोडेस्कची आराखडे काढण्याची साधने हवी असतात. तेथे तोच बोनाफाईड दाखला उपयोगी पडतो आणि तो परवानाही वर्षभराचाच आहे.

मायक्रोसॉफ्टच्या अझ्युर या क्लाउड सेवेच्या बाबतीत एक चूक हमखास होते. विद्यार्थ्यांसाठीच्या योजनेत 12 महिन्यांसाठी 100 डॉलरचे श्रेय मिळते आणि क्रेडिट कार्ड लागत नाही. शोध घेतल्यावर पुष्कळदा आधी सर्वसामान्य मोफत खात्याचे पान उघडते, तेथे कार्ड मागितले जाते आणि मुले वडिलांचे कार्ड देऊन मोकळी होतात. कार्ड मागितले की समजा, तुम्ही भलत्या पानावर आहात. तेथून मागे फिरा.

शिक्षकांनाही पडताळणीची हीच रीत लागू आहे. फरक इतकाच की नियुक्तीपत्र जोडू नये. माझा स्वतःचा अर्ज दोनदा परत आला, कारण माझे पत्र जुने होते आणि मी आजही तेथेच शिकवते हे त्यावरून दिसत नव्हते. प्राचार्यांच्या सहीचे, चालू वर्षाचा स्पष्ट उल्लेख असलेले सेवेत असल्याचे पत्र घेतल्यावर काम झाले. कंत्राटी आणि तासिका तत्त्वावरील शिक्षकांनी तर हे पत्र प्रत्येक सत्राच्या आरंभी मागून घ्यावे, कारण सत्र संपल्यावर ते मिळवणे कठीण जाते.

शेवटच्या सत्रात असाल तर दोन कामे आत्ताच करा. गिटहबवरील मुख्य ईमेल पत्ता बदलून वैयक्तिक करा आणि झोटेरोचा संग्रह महाविद्यालयाच्या पत्त्यावर असेल तर तोही वैयक्तिक पत्त्यावर आणा. झोटेरोची मोफत ऑनलाइन जागा 300 एमबीच आहे, म्हणून पीडीएफ स्वतःच्या डिस्कवर उतरवून ठेवा. संस्थेचा ईमेल पत्ता निकालानंतर कधी बंद होईल, हे कोणी आगाऊ कळवत नाही.