डिजिटल ट्विनमध्ये माणसं मोजताना या चुका टाळा

बीकेसी किंवा लोअर परळमधल्या टॉवरचं डिजिटल ट्विन, म्हणजे सेन्सरच्या आकड्यांवर चालणारी इमारतीची संगणकातली जुळी प्रतिकृती, स्क्रीनवर झकास दिसतं. घोळ असतो तो आत माणसं किती, या आकड्यात. तो चुकला की एसी चुकतो आणि फोन खणखणतात ते फॅसिलिटीवाल्यांचे.

वाय-फायवर 140 डिव्हाइस म्हणजे 140 माणसं, असं धरू नका. एकाकडे फोन आणि लॅपटॉप दोन्ही, दुसऱ्याचा फोन मोबाइल डेटावर. ॲक्सेस कार्ड आत येताना टॅप होतं. जाताना कोणीतरी दार धरून ठेवतं आणि चौघं निघून जातात, मग ट्विनमध्ये मजला रात्रीही भरलेलाच. छतावरच्या पीआयआर सेन्सरला फक्त हालचाल कळते, त्यामुळे एक्सेलमध्ये डोकं खुपसून बसलेला माणूस त्याच्या लेखी घरी गेलेला असतो. उपाय जुनाच: अधूनमधून मजल्यावर फिरून डोकी मोजा आणि सेन्सरचा आकडा आणि खरी डोकी यांचं प्रमाण प्रत्येक मजल्यासाठी वेगळं काढा. पँट्री आणि हाउसकीपिंगवालेही मोजा, श्वास तेही घेतात.

सगळ्यात फसवा कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर, जो श्वासातून सुटलेल्या वायूवरून माणसांचा अंदाज देतो. बऱ्याच सेन्सरमध्ये आपोआप कॅलिब्रेशन (स्वतःचं माप स्वतः जुळवणं) असतं: काही दिवसांतलं सर्वांत कमी रीडिंग म्हणजे बाहेरची हवा, साधारण 400 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 400 भाग), असं तो गृहीत धरतो. रात्री रिकाम्या होणाऱ्या ऑफिसात हे चालतं. पण मालाडच्या तिन्ही पाळ्यांच्या ऑफिसात पातळी कधी 600 खाली येतच नाही. सेन्सर त्या 600 ला 400 म्हणू लागतो, ट्विनला माणसं कमी दिसतात, ताजी हवा घटते आणि लोक जांभया देतात. अशा जागी आपोआप कॅलिब्रेशन बंद करा आणि सेन्सर बाहेरच्या हवेत नेऊन हाताने जुळवा.

उलट चूकही महाग पडते. जुलैत माणसं जास्त दाखवली की बाहेरची दमट हवा जास्त ओढली जाते आणि तिच्यातलं पाणी काढता काढता चिलरचा, म्हणजे एसीसाठी पाणी थंड करणाऱ्या यंत्राचा, घाम निघतो.

दुपारी दीडला जेवणासाठी मजला रिकामा होतो, पण ग्राफमध्ये तो खड्डा सकाळी आठला दिसतोय? सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर आहे. साडेपाच तास मिळवा. ट्विनला शिकवताना लोकल बंद पडलेले पावसाचे दिवस आणि गणपतीचा आठवडा वेगळे काढा, एवढंच.

राहिला 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा. वातानुकूलनासाठी घेतलेला डेटा एचआरला लेटमार्कसाठी देऊ नका. एकदा तसं झालं की लोक सेन्सरवर चिकटपट्टी लावतात. ट्विनला झोनचा, म्हणजे मजल्याच्या एका भागाचा आकडा पुरतो, कार्ड नंबर गेटवेवरच (सेन्सरचा डेटा गोळा करून पुढे पाठवणाऱ्या पेटीतच) गाळा. एकट्याच्या केबिनमध्ये मात्र नाव काढूनही भागत नाही. तिथला 0 किंवा 1 म्हणजे साहेबांची हजेरीच, तेव्हा असा आकडा शेजारच्या झोनमध्ये मिसळूनच पुढे पाठवा.