ट्रॅकवर जायच्या आधी ब्रेक सोडायला शिका

माझ्या गॅरेजवर येणाऱ्या पोट्ट्यांचा प्रश्न ठरलेला असतो, "भाऊ, गुडघा जमिनीले कधी टेकन?" आमच्या हिंगणघाट-समुद्रपूर पट्ट्यात आता गावोगावी आर१५ आणि पल्सर एनएससारख्या स्पोर्ट्स बाइक दिसतात. पोरांनी मोबाइलवर रेस पाहिलेल्या असतात, त्यात वळणावर गाडी इतकी झुकते की गुडघा जमिनीला घासतो, आणि चेन्नईच्या ट्रॅकवर एकदा तरी गाडी चालवायची इच्छा असते. ती इच्छा मला मनापासून आवडते. पण गुडघ्याआधी मी त्यांना पुढचा ब्रेक सोडून दाखवायला सांगतो. ब्रेक दाबता सगळ्यांनाच येतो. ट्रॅकवर वेळ कमी होतो तो ब्रेक नीट सोडणाऱ्याचा.

कारण समजून घ्या. पुढचा ब्रेक दाबला की वजन पुढच्या चाकावर येतं, शॉकअप खाली बसतात, टायर रस्त्यावर जास्त पसरतो आणि पकड वाढते. शॉकअप बसले की त्यांचा तिरपेपणा थोडा कमी होतो, त्यामुळे गाडी वळायलाही लवकर तयार होते. आता वळणाच्या तोंडाशी लिव्हर फटकन सोडलं, तर शॉकअप उसळून वर येतात आणि नेमकं गाडी झोपवायच्या, म्हणजे वळणात झुकवायच्या क्षणी पुढचं चाक हलकं होतं. गाडी बाहेर जायला लागते. माणूस घाबरतो, झोपलेल्या गाडीवर पुन्हा ब्रेक ओढतो आणि पुढचं चाक निघून जातं.

टायरची पकड मोजकीच असते. गाडी सरळ आहे तोवर ती सगळी ब्रेकला वापरा, पूर्ण झोपली की सगळी वळणाला. मधल्या वेळात गाडी जितकी झोपत जाईल तितकं लिव्हर सुटत गेलं पाहिजे. आपल्याकडच्या पोरांना हे सांगायला सोपं जातं. कापसाने भरलेली ट्रॉली ओढताना ट्रॅक्टरचा क्लच पाय कसा सोडतो? तसंच बोटांनी ब्रेक सोडायचा.

हे शिकायचं कुठे? रस्त्यावर नाही, आणि ४४ नंबरच्या हायवेवर तर अजिबात नाही. आपल्या रस्त्यांवर पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेला काळ्या मातीचा चिखल असतो, दिवाळीच्या सुमारास सोयाबीन वाळत घातलेलं असतं, आणि वळणापलीकडे बैलबंडी असू शकते. ट्रॅकची सवय रस्त्यावर करणाऱ्याला मी शिकवत नाही. आपल्याकडे त्याहून चांगली जागा आहे, ती म्हणजे जिनिंगचं आवार. कापसाचा हंगाम संपला की ही सिमेंटची मोठी आवारं उन्हाळ्यात मोकळी पडतात. मालकाला रीतसर विचारा. हंगाम चालू असताना विचारूही नका, कापसाच्या गंजीजवळ गरम सायलेन्सर नेणं म्हणजे आगीला आमंत्रण. परवानगी मिळाली की आधी झाडू मारा. सरकी, धूळ आणि पऱ्हाटीचे तुकडे यावर टायर सरकतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ पर्यंत जातो, म्हणून उजाडता उजाडता सुरू करा आणि आठच्या आत आटपा. हेल्मेट, ग्लोव्हज, जाड जॅकेट, गुडघ्याचे गार्ड आणि घोट्याच्या वर जाणारे बूट घातल्याशिवाय सुरुवात नको. एकट्याने तर कधीच नको.

चुन्याने तीन खुणा करा: ब्रेक इथे सुरू, गाडी इथे वळवायची, आणि हा वळणाचा आतला बिंदू. वळणाची त्रिज्या साधारण १० मीटर ठेवा. दुसऱ्या गिअरमध्ये ४० च्या वेगाने या, पहिल्या खुणेवर रेस सोडा आणि दोन बोटांनी ब्रेक घ्या. सुरुवातीचा दाब हलका, शॉकअप बसले की वाढवायचा. दुसऱ्या खुणेपर्यंत बहुतेक वेग मारून झालेला असावा, पण लिव्हरवर थोडा दाब शिल्लक हवा. तो शिल्लक दाब गाडी झोपता झोपता कमी करत आतल्या बिंदूशी शून्यावर आणा आणि तिथून हळू रेस द्या. पहिल्या दिवशी शेवटचा दाब नुसता बोटं टेकवल्याएवढाच ठेवा. सोबत्याला बाजूला बसवून फक्त पुढच्या शॉकअपकडे पाहायला सांगा. बाहेरून उसळी स्पष्ट दिसते. माझ्याकडची पोरं एकमेकांना ओरडून सांगतात, "उसळला बे, पुन्हा कर!" उसळी दिसेनाशी होईपर्यंत वेग एक आकडाही वाढवू नका.

वेग वाढवायची घाई का नको, त्याचा हिशोब पाहा. १० मीटर त्रिज्येच्या वळणात ताशी २५ किलोमीटरला गाडी साधारण २६ अंश झुकते. ३० ला ३५ अंश. पाच किलोमीटरने नऊ अंश खाल्ले, कारण वळणात बाहेर ओढणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ब्रेकचंही तसंच, वेग दुप्पट केला की थांबायला अंतर चौपट लागतं.

डोळ्यांची तालीम याच्या जोडीने करा. गाडी तिकडेच जाते जिकडे माणूस बघतो, म्हणून चाकापुढची जमीन बघणारा कायम उशीर करतो. १०० च्या वेगाला एका सेकंदात जवळपास २८ मीटर जातात. वळायच्या खुणेवर पोचायच्या आधीच नजर आतल्या बिंदूवर हवी, आणि बिंदूवर पोचायच्या आधी बाहेर पडायच्या जागेवर. सोबत्याला बाहेर पडायच्या बाजूला, गाडीच्या मार्गापासून बराच दूर उभा करा. त्याने बोटं दाखवायची, तुम्ही झोपलेल्या गाडीवरून आकडा मोठ्याने सांगायचा. आकडा उशिरा आला तर नजर उशिरा उठली.

हँडलचं थोडक्यात: उजवीकडे जायचं तर उजवं हँडल पुढे ढकला. २५ च्या वर गाडी अशीच वळते, नुसतं अंग टाकून नाही.

बसण्याबद्दल मात्र मी कडक आहे. हातांवर वजन असेल तर वरची सगळी मेहनत वाया जाते, कारण ताठ हात पुढच्या चाकाला मोकळं सोडत नाहीत आणि बोटंही हलकी राहत नाहीत. तपासायची रीत सोपी आहे. दोघांना गाडी सरळ धरायला सांगा, वळणात बसता तसे बसा आणि हँडल सोडा. पुढे कोसळलात तर पाय काम करत नाहीयेत. बाहेरची मांडी टाकीला घट्ट, पंजा फूटरेस्टवर, कोपरे सैल. बूड सरकवायचंच असेल तर अर्धंच, आणि ब्रेक लावायच्या आधी. वळणात शिरताना सरकलात तर गाडी हलणारच. उजवी वळणं डावीपेक्षा जास्त घोटा, रेसचा हात तिकडे दुमडतो आणि बहुतेकांची रेस तिथेच अडखळते. चेन्नईचा ट्रॅकही घड्याळाच्या दिशेने फिरतो.

तो ट्रॅक श्रीपेरंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टईला आहे, ३.७ किलोमीटर लांब आणि १२ वळणांचा. आपल्याकडून जाणं अवघड नाही, नागपूर आणि बल्लारशाहवरून चेन्नईच्या गाड्या आहेत. आपली बाइक रेल्वे पार्सलने जाते, टाकी पूर्ण रिकामी करावी लागते. पहिल्यांदा जाणाऱ्याने मात्र शिकवणाऱ्या शाळेतूनच जावं. काही ठिकाणी गाडी आणि लेदर सूट भाड्याने मिळतात, आणि पहिल्या वेळी तेच स्वस्त पडतं.

स्वतःची गाडी नेणार असाल तर ब्रेक ऑइल नवीन भरा, डॉट ४. जुनं ऑइल हवेतला ओलावा ओढतं, ट्रॅकवर तापलं की त्यात वाफ होते आणि लिव्हर पोकळ लागतं. पॅडची जाडी बघा, चेनचा ताण बघा, आरसे काढा, हेडलाइट आणि टेललाइटवर टेप लावा. हवा मोजायचं मीटर स्वतःचं घ्या, पंक्चरच्या दोन दुकानांचे आकडे क्वचितच जुळतात. टायर दहा अंशांनी तापला की हवा एक ते दीड पीएसआयने वाढते, म्हणून सेशनहून, म्हणजे ट्रॅकवरची आपली ठरावीक वेळेची पाळी संपवून, आल्या आल्या मोजा.

झेंडे घरूनच पाठ करून जा. पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे सेशन थांबलं, सावकाश पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या गाड्या थांबायच्या जागी, परत. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय, आपली रेषा सोडू नका. पिवळ्या-लाल पट्ट्यांचा म्हणजे रस्ता निसरडा.

पहिल्या दोन चकरा टायर तापवण्यात घालवा. मग काही चकरा एकाच गिअरमध्ये, जवळपास ब्रेक न लावता चालवा. वळणात किती वेगाने शिरता येतं हे त्यातून कळतं. प्रत्येक वळणाला ब्रेकची खूण ठरवा, पण ती न हलणारी हवी: डांबराचा जोड, रंगवलेली कड, फलक. सावली किंवा उभा माणूस नको. आणि इथे सगळे जे करतात ते करू नका. ब्रेकची खूण पुढे ढकलू नका. तीच ठेवा आणि लिव्हर थोडं आधी, थोडं हलकं सोडायला लागा. वळणात जास्त वेग घेऊन शिराल आणि डोकं शांत राहील. खूण उशिरा करायचा विचार दुसऱ्या दिवशी, तोही एकावेळी दोन-तीन मीटरने.

चेन्नईचा दमटपणा आपल्या कोरड्या उन्हापेक्षा वेगळा. सूटच्या आत घाम वाळत नाही आणि थकवा बोटांत आधी येतो. प्रत्येक सेशननंतर मीठ-साखरेचं पाणी घ्या. एकच खूण लागोपाठ दोनदा चुकली, तर हात वर करा, रेषेवरून बाजूला व्हा आणि पिटमध्ये या, सेशनची दहा मिनिटं उरली असली तरी.