डिझेल लाइनचे सांधे: सीलंट कुठे लावायचं आणि कुठे अजिबात नाही

मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात गोव्यातल्या मालिम जेटीवर ज्याच्या त्याच्या तोंडी एकच तक्रार असते: इंजीन हवा धरतंय, म्हणजे डिझेलच्या लाइनीत हवा शिरतेय. दोन महिने बोट उभी, मग फिल्टर बदलायला लाइन उघडतात आणि परत जोडताना हाताला लागेल ते आट्यांवर फासतात. टेफलॉन टेप, शेलॅक, एम-सील, काहीही. पात्रांव, आधी एवढं बघा: तो सांधा सील नक्की कुठे होतो? आट्यांवर की बैठकीवर, म्हणजे दोन भाग एकमेकांवर टेकतात त्या जागी?

नटाच्या आत पाइपाचं तोंड फुलवलेलं असेल, पितळी रिंग दाबून बसवलेली असेल किंवा बनजो बोल्टाच्या (आतून पोकळ, डिझेल त्याच्यातून जातं) दोन्ही बाजूंना तांब्याचे वायसर असतील, तर तिथे आट्यांचं काम फक्त दाबून धरायचं. सील बैठक करते. अशा ठिकाणी सीलंटचा थेंबही नको. बैठकीवर ओरखडा असेल तर तो भाग बदला, डबाभर पेस्टनेही गळती थांबणार नाही. तांब्याचे वायसर दर वेळी नवे घाला. नवे मिळालेच नाहीत तर जुने लालभडक तापवून पाण्यात टाका म्हणजे तांबं मऊ होतं. मग काळा थर बारीक पॉलिश पेपरने काढा.

सीलंट लागतं ते निमुळत्या आट्यांना: फिल्टरच्या डोक्यात, टाकीच्या कॉकला, फीड पंपाच्या (टाकीतून डिझेल ओढणारा) एल्बोला. इथे एक घोळ नेहमी होतो. जुन्या इंजिनांवर बीएसपी (ब्रिटिश मापाचे आटे) आणि एनपीटी (अमेरिकन मापाचे) दोन्ही सापडतात. अर्ध्या इंचीला दोघांचेही इंचाला १४ आटे, म्हणून एकात दुसरा आरामात चढतो. पण एकाचा कोन ५५ अंश, दुसऱ्याचा ६०. असा सांधा कितीही आवळा, पाझरणारच. शंका आली तर पिच गेज (आटे तपासायची दातेरी पट्टी) लावा, आणि त्याने उलगडा होत नसेल तर नमुना घेऊन दुकानात जा.

टेप मला डिझेल लाइनवर पसंत नाही. नळाला ती ठीक. इथे आवळताना तिचा धागा तुटतो आणि डिझेलबरोबर पुढे जातो. फिल्टरच्या अलीकडे तुटला तर नशीब, पलीकडे तुटला तर पंपात किंवा नोझलमध्ये अडकतो. डिझेलला चालतं असं बाटलीवर लिहिलेलं अ‍ॅनाएरोबिक थ्रेड सीलंट आणा. ते हवा नसलेल्या जागी, धातूला धातू भिडतो तिथे घट्ट होतं. म्हणून बाहेर आलेला थेंब ओलाच राहतो, त्याला घाबरू नका, पुसून टाका. प्लास्टिकच्या भागावर मात्र ते लावू नका, तडा जातो.

कामाला लागताना बॅटरी बंद, टाकीचा कॉक बंद, आणि खाली विडी नको. जुनी टेप तारेच्या ब्रशने खरवडा. आतल्या आट्यांतली टोकदार हत्याराने ओढताना भोकात चिंधी कोंबा, नाहीतर कचरा आत जाईल. मग अ‍ॅसिटोनने पुसा, कारण डिझेलच्या पातळ थरावर सीलंट धरत नाही. टोकाचे दोन आटे कोरे ठेवून बाकीच्यांवर गोल फिरवत लावा. हाताने घट्ट बसवा, मग पान्याने दीड-दोन फेरे. दुसऱ्या पान्याने बॉडी धरून ठेवा, फिल्टरचं डोकं अ‍ॅल्युमिनियमचं असतं, चिरतं. एल्बोचं तोंड हवं तिकडे येत नसेल तर पुढे फिरवा. मागे फिरवलात तर सील तुटलं, उघडून पहिल्यापासून. पितळ लवकर धरतं, स्टेनलेसला उशीर लागतो. रात्रभर ठेवलं तर बरं.

टाकी ते फीड पंप या भागात ओढ असते. तिथे फट असली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. सांधे कोरडे ठणठणीत आणि इंजीन मात्र चालू होऊन बंद पडतं. माझी युक्ती: डिझेलचा कॅन इंजिनापेक्षा वर बांधायचा, टाकीकडची नळी सोडून त्याला जोडायची आणि सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरायची. आता डिझेल स्वतःच्या वजनाने बाहेर येतं आणि पांढऱ्यावर काळपट ठिपका उमटतो. टाकीच्या कॉकचा सांधा मात्र यात येत नाही, तो वेगळा तपासा.

हवा काढताना फिल्टरचा स्क्रू आधी, मग पंपाचा, मग नोझलचे नट. नोझलच्या पाइपाची गळती कधीही बोटाने शोधू नका, पुठ्ठा धरा. तिथे २०० बार आणि त्याहूनही जास्त दाब असतो, डिझेल कातडीतून आत घुसतं. घुसलंच तर जखम टाचणीएवढी दिसली तरी सरळ हॉस्पिटल गाठा.

तासभर इंजीन चालवून सगळे सांधे कागदाने टिपा. सीलंटवाला एखादा पाझरत असेल तर आणखी आवळू नका, धरलेलं सील त्याने तुटतं. उघडा, साफ करा, पुन्हा लावा.