सफरचंदं तोडायला जाण्याआधी झाकणं मोजा

सफरचंदांचा सॉस करून काचेच्या बरण्यांत वर्षभरासाठी हवाबंद करायचा (यालाच कॅनिंग म्हणतात), तर ऑक्टोबरात बागेत गेलं की हात आवरत नाही, हे धरूनच तयारी करा. मिशिगन असो की न्यूयॉर्क राज्याचा वरचा भाग, दसऱ्याच्या सुमारास फांद्या पार हाताशी आलेल्या असतात, आणि पोरं पिशव्या भरतच सुटतात. एक बुशेल म्हणजे सुमारे ४८ पौंड, आपले बावीसेक किलो. त्याचा सॉस १४ ते १९ क्वार्ट होतो (क्वार्ट म्हणजे जवळपास एक लिटर). भरलेल्या बरण्या पाण्यात उकळायच्या असतात, आणि घरच्या मोठ्या पातेल्यात एका खेपेला क्वार्टच्या ७ बरण्या बसतात. आता खेपा मोजा आणि मगच दुसरी पिशवी मागा.

पण त्याच्याही आधी तळघरात जाऊन झाकणं मोजा. बरण्या नव्हे, झाकणं! बरणीवर आधी चपटं झाकण बसतं, मग ते धरून ठेवणारी आट्यांची रिंग. रिंगा वर्षानुवर्षं चालतात, चपटं झाकण मात्र एकदाच. त्याच्या कडेचा मऊ थर एकदा दबला की दुसऱ्यांदा त्याचा भरवसा नाही. आणि मापही बघा, बरण्यांची तोंडं दोन मापांची असतात: रेग्युलर ७० मिलिमीटर, वाइड म्हणजे रुंद ८६. गेल्या वर्षी माझ्याकडे झाकणांचा नवाकोरा डबा होता, वाइडचा, आणि बरण्या झाडून सगळ्या रेग्युलर. सॉस रटरटतोय आणि दुकानातला तो कप्पा रिकामा, कारण ऑक्टोबरात अख्खं गाव हेच करत असतं. झाकणं ऑगस्टमध्येच आणा. डबा उघडून एक झाकण बरणीवर ठेवून बघा. खोक्यावरच्या चित्रावर जाऊ नका.

सुरी, पळी, फडकी घरात असतातच. बरण्या उचलायचा चिमटा मात्र विकत घ्या. आपली सांडशी पातेल्याच्या काठासाठी आहे, ओल्या गोल काचेवरून ती सटकते. पातेल्याच्या तळाशी जाळी हवीच, नाहीतर काच तडकते. लिंबाचा रस घालणार असाल तर बाटलीतला आणा, त्याचा आंबटपणा ठरलेला असतो.

सफरचंदात मॅकिंटॉश हे वाण शिजून लवकर मऊ होतं, सॉसला उत्तम. सोबत एखादं गोड वाण घ्या, म्हणजे साखर लागत नाही. सालं काढत बसू नका. गाभा काढून फोडी थोड्या पाण्यात शिजवा आणि पुरणयंत्रातून काढा. लालबुंद सालं वर चोथा होऊन राहतात आणि खाली फिकट गुलाबी, गुळगुळीत सॉस पडतो. या सगळ्या उपद्व्यापात खरी मजा एवढीच. त्या वेळी घरभर सुटलेल्या वासावर पुढचे तीन तास काढायचे असतात. वेलची, जायफळ चिमूटभर चालेल. तूप नको. आणि हो, झाकणं मोजलीत ना?

शिजवायला प्रेशर कुकर खुशाल वापरा, पण बरण्या त्यात ठेवून शिट्ट्यांच्या हिशेबाने कॅनिंग करू नका. उकळता सॉस गरम बरणीत, वर अर्धा इंच मोकळं. हा अर्धा इंच सोडाच. गच्च भरलं की सॉस उकळून काठाशी येतो आणि झाकण बसत नाही. बसलं नाही तर नवं झाकण लागतं, म्हणून मोजून चार जास्तीची जवळ ठेवा. काठ ओल्या फडक्याने पुसा, रिंग बोटांच्या ताकदीनेच आवळा.

बरण्या पातेल्यात जाळीवर ठेवा, पाणी त्यांच्या वर इंचभर. खळखळून उकळायला लागलं की वेळ मोजायची: समुद्रसपाटीपासून १००० फुटांपर्यंत पिंटची (अर्ध्या क्वार्टची) बरणी १५ मिनिटं, क्वार्टची २०. डेन्व्हरला राहत असाल तर ५२८० फूट धरा, म्हणजे पिंट २० आणि क्वार्ट ३० मिनिटं. समुद्रकाठच्या न्यू जर्सीतल्या मैत्रिणीची वेळ तिथे चालत नाही.

गॅस बंद, पाच मिनिटं थांबा, बाहेर काढा, पंच्यावर ठेवा. १२ ते २४ तास हात लावू नका, दाबून बघू नका. मग रिंग काढा. झाकणाचा मध्य आत गेला असेल तर धुऊन, तारीख लिहून कपाटात. वर-खाली होत असेल तर फ्रिजमध्ये, आठवडाभरात संपवा. वर्षाच्या आत सगळंच संपवा. राहिलेली सफरचंदं शेजाऱ्यांना द्या.